नोटांच्या हातगाडीपाशी धडा थांबवू नका : इतिहासाच्या शिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत आधुनिक युरोपचा इतिहास शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

दोन महायुद्धांच्या मधला जर्मनी आपल्यापैकी बहुतेकजण एकाच चित्रावरून शिकलो. १९२३ साल, नोटांनी भरलेली हातगाडी ढकलत पावाच्या दुकानाकडे निघालेला माणूस, आणि पुढच्याच परिच्छेदात हिटलर. व्हर्सायचा तह, त्यातून नुकसानभरपाईचा बोजा, त्यातून महागाई आणि महागाईतून हिटलर, एवढी साखळी फळ्यावर उतरली की तास संपतो. मुलांना ती लवकर पाठ होते आणि पेपरात गुणही मिळवून देते. पण तिची शेवटची कडी जुळत नाही. शिवाय तिच्यामुळे त्या काळातली सर्वांत महत्त्वाची तीन वर्षे, १९३० ते १९३३, आपल्या वर्गांतून जवळजवळ गायब होतात. ती परत आणावीत, एवढे मागण्यासाठी हे पत्र.

माझी नोकरी बँकेत गेली, इतिहास मी आवडीने वाचत आले. ठेवीदारांशी रोजचा संबंध असल्यामुळे चलन बुडाले की माणसाचे काय होते, या प्रश्नाकडे माझे लक्ष आधी जाते. म्हणून १९२३ला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी जर्मनीत रेंटनमार्क हे नवे चलन आले आणि एक लाख कोटी जुन्या कागदी मार्कांची किंमत एक रेंटनमार्क ठरली. महागाई तिथे थांबली. त्याच्या आठवडाभर आधी, ८ आणि ९ नोव्हेंबरला, हिटलरने म्युनिकमध्ये सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला आणि हिटलर तुरुंगात गेला. मे १९२४च्या निवडणुकीत नाझी आणि त्यांच्या मित्रगटांच्या यादीला साडेसहा टक्के मते पडली, डिसेंबरमध्ये ती तीन टक्क्यांवर आली. २० मे १९२८ रोजी, म्हणजे महागाई संपून साडेचार वर्षे झाल्यावर, नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि संसदेत, राइशस्टागमध्ये, १२ जागा मिळाल्या. महागाईच्या रागातूनच हिटलर यायचा होता, तर ज्यांची आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली होती ते लोक १९२८ साली त्याला मत का देत नव्हते?

सप्टेंबर १९३०मध्ये त्याच पक्षाने १८.३ टक्के मते आणि १०७ जागा मिळवल्या. त्या वेळी जर्मनीत भाव चढत नव्हते, ते घसरत होते.

तरीही महागाईची मुळे नीट शिकवायला हवीत, कारण तिथेही आपण फार लवकर व्हर्सायपाशी जाऊन थांबतो. मार्क युद्धातच पोखरला गेला होता. ऑगस्ट १९१४मध्ये कागदी मार्कच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. युद्धाचा खर्च करांतून काढायचे जर्मन सरकारने टाळले आणि जनतेला नऊ वेळा युद्धकर्जरोखे विकले. त्यातून सुमारे ९,८०० कोटी मार्क उभे राहिले. अर्थखाते सांभाळणारे कार्ल हेल्फेरिख यांनी १९१५मध्ये संसदेत उघडपणे सांगितले होते, की हा कोट्यवधींचा भार उद्या शत्रूच्या गळ्यात पडेल. जिंकलो की हरलेल्याकडून वसूल करू, हा हिशोब होता. युद्ध हरल्यावर तो उलटला. रोखे घेतले होते शिक्षकांनी, कारकुनांनी, निवृत्तांनी, वारलेल्या सैनिकांच्या आईवडिलांनी. सुमारे वीस लाख जर्मन सैनिक मेले होते. १९१६-१७चा हिवाळा शहरांनी जनावरांना घालायच्या सलगमांवर काढला होता, आणि शस्त्रसंधीनंतरही दोस्तांची नाकेबंदी जुलै १९१९पर्यंत पूर्णपणे उठली नव्हती. १९२१ साली १३,२०० कोटी सुवर्णमार्कांची भरपाई ठरली ती या समाजावर. जानेवारी १९२३मध्ये हप्ते थकले म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमने रूरचा कोळसापट्टा ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी काम बंद ठेवावे म्हणून सरकार छापील नोटांतून त्यांचे पगार देत राहिले, आणि मग मार्कला तळ उरला नाही. युद्धापूर्वी ४.२० मार्कांना मिळणारा एक डॉलर नोव्हेंबर १९२३मध्ये ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला.

या कोसळण्यात सगळे सारखे बुडाले नाहीत, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. ज्याची ठेव होती, विमा होता, ठरावीक निवृत्तिवेतन होते, तो संपला. ज्याच्यावर कर्ज होते तो सुटला. गहाणखत असलेला जमीनदार, कर्ज काढून कारखाने घेणारा उद्योगपती आणि सर्वांत मोठा कर्जदार म्हणजे स्वतः सरकार, या तिघांची देणी वाऱ्यावर उडाली. १९२५च्या कायद्याने गहाणाच्या जुन्या कर्जांना मूळ किमतीच्या २५ टक्के मोल परत मिळाले. युद्धकर्जरोख्यांच्या वाट्याला त्याहून फारच थोडे आले. देशभक्ती म्हणून रोखे घेतलेल्यांना प्रजासत्ताकाने न्यायालयात आणि संसदेत सांगितले, की तुमचे एवढेच. त्या मध्यमवर्गाने लगेच हिटलरकडे धाव घेतली नाही, पण आपले जुने पक्ष सोडले. १९१९मध्ये १८.५ टक्के मते मिळवणारा उदारमतवादी लोकशाही पक्ष १९२८पर्यंत ४.९ टक्क्यांवर आला. मते विखुरली ती व्यापाऱ्या-घरमालकांच्या पक्षाकडे, बुडालेल्या ठेवींची भरपाई मागणाऱ्या पक्षाकडे, शेतकऱ्यांच्या स्थानिक गटांकडे. १९२३चा राजकारणावरचा खरा परिणाम मला हा वाटतो : मधल्या लोकांचे घर मोडले आणि ते नव्या आसऱ्याच्या शोधात राहिले. ते कुठे जातील हे अजून ठरायचे होते.

ते ठरले १९३० नंतर. म्हणून या भागावर तुम्ही जास्त वेळ द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९२४ नंतर जर्मनी अमेरिकन कर्जावर सावरला. १९२७मध्ये बेकारी विम्याचा कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची, काम गेले तर २६ आठवडे भत्ता. हा कायदा करताना सात-आठ लाख बेकार धरले होते. १९२९च्या अखेरीस अमेरिकन पैसा आटला, बेकार वाढले, विम्याचा निधी तुटीत गेला. वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून चारवर न्यायची की भत्ता कमी करायचा, या अर्ध्या टक्क्यावरून सोशल डेमोक्रॅट हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार २७ मार्च १९३० रोजी पडले. संसदेतल्या बहुमतावर चाललेले ते वायमार प्रजासत्ताकाचे, म्हणजे युद्धानंतरच्या लोकशाही जर्मनीचे, शेवटचे सरकार होते. एका महिन्यात काही नव्याने घडले नव्हते, उद्योगपतींच्या पक्षाला आणि कामगारांच्या पक्षाला एकमेकांबरोबर राहायची गरज वाटेनाशी झाली होती.

त्यांच्यानंतर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेले हाइनरिख ब्रूनिंग वाईट माणूस नव्हते. युद्धात आघाडीवर लढलेले, ख्रिस्ती कामगार चळवळीत काम केलेले, साधे राहणारे. त्यांनी ठरवले की सरकारी तूट भरून काढायची, भाव आणि पगार खाली आणायचे, जर्मन माल स्वस्त करायचा आणि जगाला दाखवून द्यायचे, की एवढे पोट मारूनही आम्ही भरपाई देऊ शकत नाही. संसदेने नकार दिला तेव्हा त्यांनी घटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या सहीने अध्यादेश काढले आणि संसद बरखास्त केली. १०७ नाझी खासदार निवडून आले ते त्याच निवडणुकीत. सरकारी नोकरांचे पगार वर्षभरात तीनदा कापले गेले. ८ डिसेंबर १९३१च्या अध्यादेशाने देशभरचे मजुरीचे दर जानेवारी १९२७च्या पातळीवर खेचले, त्याबरोबर भाडी, व्याज आणि किमतीही उतरवल्या. मधल्या उन्हाळ्यात व्हिएन्नाची क्रेडिटआन्श्टाल्ट बँक डळमळली आणि जुलैमध्ये बर्लिनची दानात बँक बुडाली, तेव्हा सरकारला सगळ्याच बँकांची दारे काही दिवस बंद ठेवावी लागली. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या ठेवी महागाईत गेल्या त्यांनी पुन्हा बंद दारांपुढे रांगा लावल्या. फेब्रुवारी १९३२मध्ये नोंदणीकृत बेकारांचा आकडा ६१ लाखांवर गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ब्रूनिंग गेल्यावर, नवे चॅन्सेलर पापेन यांच्या सरकारने विम्याचा बिनशर्त भत्ता सहा आठवड्यांवर आणला. त्यानंतर घरातली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येकाची कमाई तपासून मदत. तीही संपली की नगरपालिकेची खिचडी, आणि नगरपालिका स्वतः दिवाळखोरीच्या काठावर.

१९२३ आणि १९३३ यांचा खरा दुवा इथे आहे. दुसरा काही मार्ग नव्हता का? होता, आणि तो सुचवलाही गेला होता. १९३२च्या सुरुवातीला कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडलेल्या वॉइटिन्स्की, टार्नो आणि बाडे यांनी एक योजना मांडली : सरकारने कर्ज काढून सार्वजनिक कामे काढावीत आणि दहा लाख लोकांना कामाला लावावे. ती हाणून पाडण्यात सोशल डेमोक्रॅट पक्षाचे सर्वांत मोठे अर्थतज्ज्ञ रुडोल्फ हिल्फरडिंग पुढे होते. ते १९२३मध्ये अर्थमंत्री होते, मार्क मरताना त्यांनी जवळून पाहिला होता. पैसा सोडला की ती महागाई पुन्हा येईल, ही धास्ती डाव्यांपासून उजव्यांपर्यंत सगळ्यांच्या मनात होती. भाव दरमहा घसरत असताना सारा देश भाववाढीला घाबरत होता. १९२३च्या आठवणीने हिटलरला मते मिळवून दिली नाहीत. तिने त्याला अडवू शकणाऱ्यांचे हात बांधले. हा फरक बारावीच्या मुलाला नक्की समजतो.

ब्रूनिंगना खरोखर मोकळीक होती का, यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे, आणि तोही वर्गात यावा. क्नुट बोर्शार्ट यांनी १९७९मध्ये मांडले, की परदेशी कर्ज मिळत नव्हते, मध्यवर्ती बँकेला आंतरराष्ट्रीय करारांनी जखडले होते, त्यामुळे कोणीही असता तरी हेच करता. माझ्या मते १९३०पुरते हे बरेचसे पटते. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलन सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडल्यावर आणि अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांच्या प्रस्तावामुळे भरपाईचे हप्ते थांबलेले असताना पटत नाही. त्या वेळी ब्रूनिंग आणखी कापत राहिले, कारण त्यांना भरपाईचे ओझे कायमचे उतरवायचे होते. जुलै १९३२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या परिषदेत ते उतरलेही. पण त्यांना स्वतःला मेमध्येच पद सोडावे लागले होते.

आता मते कोणी दिली हा प्रश्न. 'बेकारांनी हिटलरला निवडले' हेही आपण सहज सांगून टाकतो. मतदानाचा जिल्हावार अभ्यास करणाऱ्यांना वेगळे दिसले आहे. शहरांतला बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेला. नाझींचा मोठा पाया प्रॉटेस्टंट भागातले शेतकरी, छोटे दुकानदार आणि कारागीर यांच्यात होता. ज्यांचे अजून गेले नव्हते, पण उद्या जाईल अशी भीती होती, असे लोक. उत्तरेकडच्या श्लेसविग-होल्स्टाइनमध्ये १९२८पासूनच शेतकरी कर आणि जप्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. जुलै १९३२मध्ये तिथे निम्म्याहून जास्त मते नाझींना पडली. कॅथलिक भागांत त्यांना तेवढा शिरकाव झाला नाही, कारण तिथे चर्च आणि कॅथलिकांचा सेंटर पक्ष माणसाला धरून होते. अलीकडच्या संशोधनात असेही आढळले आहे, की जिथे करवाढ आणि खर्चकपात जास्त झाली तिथे नाझींची मतेही जास्त वाढली.

बेकारी माणसाला आत काय करते, हे शिकवायला एक उत्तम उदाहरण आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावात कापडाची एकच मोठी गिरणी होती, ती मंदीत बंद पडली आणि जवळजवळ अख्खे गाव बसून राहिले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी १९३१-३२मध्ये तिथे जाऊन घराघरांतले जेवण, खर्च आणि दिवसाचा क्रम लिहून घेतला. लोकांच्या हाती वेळच वेळ होता, वाचनालय फुकट झाले होते, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. रस्त्यावरून माणसे कशी चालतात हे त्यांनी घड्याळ लावून मोजले. पुरुषांची चाल मंदावली होती, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. बायकांना घरकाम असल्याने त्यांची चाल तशी राहिली होती. गाव पेटून उठले नव्हते, ते खचले होते. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यानंतर गिरणगावात काय झाले हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे, त्यांना हे मुलांसमोर उभे करायला माझ्या मदतीची गरज नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत जास्त बोचते. संकटाची लाट हिटलरला थेट सत्तेवर घेऊन गेली, हेही खरे नाही. ६ नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझींची सुमारे वीस लाख मते आणि ३४ जागा कमी झाल्या. पक्षाची तिजोरी रिकामी होती, अर्थव्यवस्थेची घसरण थांबल्याची चिन्हे दिसत होती. लाट ओसरू लागली असताना त्याला दार उघडून देण्यात आले. ४ जानेवारी १९३३ रोजी कलोनमध्ये बँकर कुर्ट फॉन श्र्योडर यांच्या घरी पापेन, जे तोवर माजी चॅन्सेलर झाले होते, आणि हिटलर भेटले. ३० जानेवारीला हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर केले. मंत्रिमंडळात हिटलर धरून फक्त तीन नाझी होते. बाकीच्या प्रतिष्ठित मंडळींना वाटत होते, की आपण त्याला हाताशी धरून वापरू.

त्याच दिवशी, ३० जानेवारी १९३३ रोजी, कोपनहेगनमध्ये दुसरी बैठक चालली होती. डेन्मार्कचे सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान थोरवाल्ड स्टाउनिंग यांच्या कान्सलरगेड रस्त्यावरच्या राहत्या घरी. डेन्मार्कची अवस्थाही बिकट होती : विमा असलेल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून जास्त बेकार, शेतमालाचे भाव कोसळलेले, आणि मालकांनी पगारकपातीसाठी मोठ्या टाळेबंदीची नोटीस दिलेली. स्टाउनिंग यांनी शेतकऱ्यांच्या व्हेन्स्ट्रे पक्षाशी सौदा केला. शेतमालाची निर्यात वाढावी म्हणून क्रोनचे मूल्य उतरवायचे, शेतकऱ्यांना मदत द्यायची. बदल्यात टाळेबंदी कायद्याने थांबवायची, मजुरीचे करार वर्षभर वाढवायचे, सार्वजनिक कामे काढायची आणि के. के. स्टाइंके यांनी आखलेल्या सामाजिक सुरक्षेच्या सुधारणांना वाट द्यायची. कामगारांचा आणि शेतकऱ्यांचा पक्ष, दोघांनाही काही सोडावे लागले. थोड्याच महिन्यांनी स्वीडनमध्येही तसाच समझोता झाला. १९३५च्या निवडणुकीत स्टाउनिंग यांच्या पक्षाला ४६ टक्के मते मिळाली. डॅनिश नाझी १९३९मध्येही दोन टक्क्यांच्या आत राहिले.

दोन्ही देश एकसारखे होते असे मी म्हणत नाही. डेन्मार्क पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, त्याला भरपाई द्यायची नव्हती, त्याच्या गल्ल्यांत हरलेल्या सैन्यातले बेकार अधिकारी नव्हते. पण मंदी तीच होती आणि दिवसही तोच. बर्लिनमध्ये १९३०साली अर्ध्या टक्क्यावर जे जमले नाही ते कोपनहेगनमध्ये एका घरात जमले. मंदीनंतर हुकूमशहा येतोच, असे मुलांना वाटत असेल, तर या एका तारखेने तो समज बदलेल.

या मंदीची झळ आपल्यालाही लागली होती, हे सांगायला विसरू नका. सप्टेंबर १९३१मध्ये पौंडाने सोने सोडले आणि रुपया एक शिलिंग सहा पेन्सच्या दराने पौंडाला बांधून ठेवला गेला. शेतमालाचे भाव निम्म्यावर आलेले, शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच. घराघरांतले दागिने मोडले गेले आणि ते सोने मुंबई बंदरातून जहाजांनी परदेशी गेले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वर्षी हा धडा घ्याल तेव्हा फळ्यावर मे १९२८, सप्टेंबर १९३०, जुलै १९३२ आणि नोव्हेंबर १९३२ या चार निवडणुकांतले नाझींचे आकडे लिहा : २.६, १८.३, ३७.३ आणि ३३.१ टक्के. हातगाडीचे चित्र पुस्तकात राहू द्या. पण त्यानंतर मुलांना विचारा, की मार्च १९३० ते जानेवारी १९३३ या काळात म्युलर, ब्रूनिंग, हिल्फरडिंग, पापेन आणि हिंडेनबुर्ग यांच्यापैकी कोणाकडे कोणता पर्याय होता आणि त्याने तो का घेतला नाही. यासाठी एक जादा तास लागेल, हे मला माहीत आहे. अभ्यासक्रम उरकण्याची तुमची ओढाताणही मी जाणते. तरी तो तास काढावा, अशी हात जोडून विनंती.

निवडणुका, बेकारी आणि मजुरीकपात यांचे तक्ते मी मराठीत करून ठेवले आहेत. ज्या शिक्षकांना वर्गासाठी हवे असतील त्यांना आनंदाने देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा